मे होंग सोन : वर्गात बसून डोंगरातल्या एका सीमेवरच्या गावाची सहल



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. बस ठरवा, पालकांची संमतीपत्रं गोळा करा, वर्गणीवरून बोलणी खा, हे सगळं आपल्याला पाठ आहे. आजच्या या सहलीला यातलं काहीच लागत नाही. एक नकाशासंग्रह, एक लांब सुतळी, वाटीभर बेसन आणि तीन तासिका एवढ्यावर भागतं. मी ही सहल चौथीला घेतली. पाचवी-सहावीला तर अजून छान होईल. घरी पालकांनाही रविवारी सहज घेता येईल.

जायचं आहे थायलंडमधल्या मे होंग सोन या गावाला. थायलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बँकॉक, समुद्रकिनारा आणि शॉपिंग येतं. हे गाव त्यातलं नाही. ते देशाच्या पार वायव्य कोपऱ्यात, म्यानमारच्या सीमेला टेकलेलं, डोंगरांनी वेढलेलं छोटं प्रांतिक ठाणं आहे. थायलंडमध्ये प्रांताला 'चांगवात' म्हणतात. आपल्या जिल्ह्यासारखंच समजा. मे होंग सोन हे प्रांताचंही नाव आणि त्याच्या मुख्य गावाचंही. मी स्वतः तिथे गेलेले नाही, माझ्याकडे पासपोर्टही नाही. तरी हेच गाव का निवडलं, ते लेखाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात कळेल.

आधी नकाशावर बोट ठेवा

मुलांना नकाशात परभणी शोधायला सांगा. मग परभणीवर बोट ठेवून सरळ पूर्वेकडे सरकायचं, वर नाही आणि खालीही नाही. नांदेड जिल्हा, तेलंगणाचं वरचं टोक, आपल्या गडचिरोलीचा दक्षिण भाग, छत्तीसगडचं बस्तर, ओडिशाचा किनारा. मग बंगालचा उपसागर ओलांडायचा. पलीकडे म्यानमारचा किनारा लागतो, डोंगर लागतात, इरावती नदीचं खोरं लागतं, पुन्हा डोंगर लागतात आणि सीमा ओलांडली की बोट मे होंग सोनवर येऊन थांबतं. परभणी आणि मे होंग सोन जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, सुमारे १९.३ अंश उत्तर. अक्षवृत्त म्हणजे काय हे व्याख्येने शिकवताना मुलं जांभया देतात. पण "आपण परभणीहून न वळता निघालो तर कुठे पोचू?" असं विचारलं की सगळी नकाशावर तुटून पडतात. तुमची शाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तुमच्या गावापासून सुतळी ताणा आणि ती मे होंग सोनच्या वर जाते की खाली, ते बघा.

याच नकाशावर एक गणितही होतं. परभणी साधारण ७७ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे आणि मे होंग सोन ९८ वर. फरक २१ अंशांचा. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ८४ मिनिटं आधी उगवतो. घड्याळातला फरक मात्र दीड तासाचा, म्हणजे ९० मिनिटांचा आहे. हे ६ मिनिटांचं अंतर कुठून आलं, असं विचारून गप्प बसा. प्रमाणवेळ हा माणसांनी आपसात ठरवून घेतलेला आकडा आहे, हे एखादं पोरगं आपणहून सांगतं.

वळणावळणाचा रस्ता

मे होंग सोनला जाणारी माणसं बहुधा चियांग माई या उत्तरेतल्या मोठ्या शहरातून निघतात. पाय नावाच्या गावावरून जाणारा रस्ता सुमारे २४५ किलोमीटरचा आहे. अंतर पुणे-कोल्हापूरइतकंच, पण वेळ सहा तासांच्या आसपास लागतो, कारण रस्ता सतत डोंगर चढतो आणि उतरतो. दक्षिणेकडून मे सारियांगमार्गे जाणारा दुसरा रस्ता आणखी लांबचा. या डोंगरवाटेवर १८६४ वळणं आहेत असं सांगतात, आणि ती पार करून आलेल्या प्रवाशाला गावात तसं प्रमाणपत्रही मिळतं! गाडी लागणाऱ्या मुलांना हा भाग फार आवडतो. प्रमाणपत्र तुम्हीही करून द्या, खर्च शून्य.

या रस्त्यांना एक दुखरा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याला चियांग माईहून म्यानमारकडे, म्हणजे तेव्हाच्या ब्रह्मदेशाकडे, वाट हवी होती. पायवरून जाणाऱ्या रस्त्याचं मूळ त्या काळातलं आहे. १९४४ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशातून आपल्या मणिपूर-नागालँडवर चालून आल्या आणि इंफाळ-कोहिमाच्या लढायांत हरल्या. मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही होती. हरलेले, उपाशी, मलेरियाने खंगलेले जपानी सैनिक ब्रह्मदेशातून मागे हटत गेले, आणि त्यांतले कितीतरी जण सीमा ओलांडून मे होंग सोनच्या दक्षिणेला खुन युआम या गावात पोचले. तिथल्या गावकऱ्यांनी त्यांना खाऊ घातलं, आसरा दिला. आज खुन युआममध्ये त्या आठवणींचं संग्रहालय आहे. आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातून सैन्यात गेलेला जवान आणि थायलंडच्या डोंगरातली एखादी म्हातारी एकाच लढाईच्या दोन टोकांना होते. सहावीच्या पुढच्या मुलांना हे नक्की सांगा. लहानांना नाही सांगितलं तरी चालेल.

हत्तींची शाळा

आता गावाच्या नावाकडे या. आपल्या धंद्यातल्या माणसाला आवडेल असं नाव आहे. थाई भाषेत 'मे' म्हणजे आई, आणि नदीच्या नावाआधीही 'मे' लावतात. आपण गोदामाय म्हणतो तसंच. 'होंग' म्हणजे ओहोळ किंवा पाण्याचा चर, आणि 'सोन' म्हणजे शिकवणं! १८३१ मध्ये चियांग माईच्या राजाने आपला एक सरदार या जंगलात रानटी हत्ती पकडायला पाठवला. पकडलेल्या हत्तींना माणसाळवण्याचं ठाणं एका ओढ्याकाठी पडलं, म्हणून हे 'शिकवण्याच्या ओढ्याचं गाव'. पुढे १८७४ मध्ये याला शहराचा दर्जा मिळाला आणि चानकले नावाच्या शान सरदाराला पहिला अधिपती नेमण्यात आलं.

शान हे इथले मुख्य लोक. थाई लोक त्यांना 'ताइ याइ' म्हणतात. सीमेपलीकडे म्यानमारमध्ये शान राज्यच आहे. या ताइ कुळातले लोक आपल्याही देशात आहेत: १२२८ मध्ये सुकाफाच्या मागोमाग आसाममध्ये आलेले आहोम. म्हणजे सीमेची रेघ नंतर आली, माणसं आधीपासून डोंगर ओलांडत होती.

गावाच्या मधोमध एक छोटं तळं आहे, नोंग चोंग खाम. पूर्वी तिथे हत्तींना अंघोळ घालत, असं सांगतात. तळ्याकाठी दोन बौद्ध विहार शेजारी शेजारी उभे आहेत. छपरांवर छपरं चढवलेली, कडेला झालरीसारखं नक्षीकाम. ही धाटणी बँकॉकची नाही, ब्रह्मदेशाची आहे. त्यांतल्या वात चोंग क्लांग या विहारात काचेवर रंगवलेल्या जातककथा आहेत आणि ब्रह्मदेशातून आणलेल्या लाकडी बाहुल्या आहेत. या बाहुल्या वेस्संतर जातकातली पात्रं आहेत. वेस्संतर हा दानशूर राजपुत्र. त्याने राज्याचा पांढरा हत्ती दिला, मग आपली मुलं दिली, शेवटी बायकोही दिली. ही गोष्ट वर्गात सांगितली आणि "मुलं कशी काय दान देता येतात?" यावर अर्धा तास भांडण झालं. होऊ द्यावं. जातककथा त्यासाठीच असतात, असं माझं मत.

गावामागच्या दोई कोंग मू टेकडीवर दोन पांढरे स्तूप आहेत, एक १८६० चा आणि दुसरा १८७४ चा. मोठ्या स्तूपात मोग्गलान या बुद्धशिष्याच्या अस्थी आहेत अशी श्रद्धा आहे. मोग्गलान आणि सारिपुत्त ही नावं आपल्याला सांचीमुळे माहीत असतात. २०२४ मध्ये बुद्धांच्या आणि या दोन शिष्यांच्या पवित्र अस्थी भारतातून थायलंडला दर्शनासाठी नेल्या होत्या, तेव्हा त्या चियांग माईलाही ठेवल्या होत्या.

मार्चअखेरीला किंवा एप्रिलच्या सुरुवातीला इथे 'पोय सांग लोंग' हा सण असतो. सात ते चौदा वर्षांची मुलं राजपुत्रासारखी नटतात: रेशमी कपडे, फुलांचा मुकुट, चेहऱ्यावर रंग. सिद्धार्थ राजवाडा सोडून निघाला, त्याची ही आठवण. त्या दिवसांत मुलांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, म्हणून बाप-काका त्यांना खांद्यावर घेऊन वाजतगाजत फिरवतात. शेवटी भरजरी कपडे उतरवून भगवं चीवर अंगावर घ्यायचं आणि काही दिवस विहारात श्रामणेर म्हणून राहायचं. आपल्याकडेही बौद्ध समाजात श्रामणेर शिबिरं होतात. तुमच्या वर्गात एखादा मुलगा अशा शिबिराला जाऊन आला असेल तर त्यालाच बोलतं करा. त्याच्याकडे सांगण्यासारखं आपल्यापेक्षा जास्त असतं.

बेसन कुठे लागलं?

शान लोकांचा एक पदार्थ आहे. त्याला शान टोफू म्हणतात, पण त्यात सोयाबीन नसतं. हरभऱ्याचं किंवा पिवळ्या वाटाण्याचं पीठ पाण्यात कालवायचं, हळद-मीठ घालायचं आणि घोटत शिजवायचं. गरम आणि पातळ असतं तेव्हा ते शेवयांवर ओतून खातात. थंड करून थापलं की वड्या पडतात. चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, हे तर पिठलं!" आणि वड्या म्हणजे पाटवड्या. जगाच्या दुसऱ्या टोकावरचे लोक विचित्र काहीतरी खातात, ही मुलांच्या डोक्यातली समजूत एका वाटीत विरघळते. मधल्या सुट्टीत खिचडीच्या ताईंना सांगून मी खरोखरच शिजवून घेतलं. सोयाबीन आंबवून, वाटून, त्याच्या पातळ चकत्या उन्हात वाळवतात. दिसायला थेट पापड. तो प्रयोग मात्र वासामुळे वर्गात नको.

तिथली शाळा

शिक्षकाला थाई भाषेत 'ख्रू' म्हणतात. हा आपला 'गुरू'. अक्षराला 'अक्सोन', भाषेला 'फासा', महाविद्यालयाला 'वित्थयालाय'. प्राथमिक वर्गांचं नाव 'प्रथोम', म्हणजे प्रथम. पहिली ते सहावी म्हणजे प्रथोम १ ते प्रथोम ६. पुढचं माध्यमिक ते 'मत्थयोम', म्हणजे मध्यम. संस्कृत-पालीतून गेलेले हे शब्द फळ्यावर लिहून मुलांना मराठी जोडी लावायला सांगा. हा खेळ दहा मिनिटांत संपतो, पण मुलं घरी जाऊन सांगतात.

शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला, बहुतेक जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, तिथे 'वाय ख्रू' म्हणजे गुरुवंदन असतं. मुलं शिक्षकांना फुलं देतात आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे. दूर्वा असतात, कारण त्या कशाही तुडवल्या तरी चिवटपणे पसरतात. वांग्याची फुलं असतात, कारण ती खाली वाकलेली असतात, म्हणजे नम्र. टोकदार कळ्यांची अबोलीसारखी दिसणारी फुलं असतात, ती तल्लख बुद्धीसाठी. लाह्याही असतात. वांग्याचं फूल कुणी शिक्षकाला दिलेलं मी तरी आपल्याकडे पाहिलं नाही, पण कल्पना झकास आहे.

डोंगरातल्या अनेक मुलांची घरची भाषा मात्र थाई नसतेच. कुणाची शान, कुणाची कारेन, कुणाची लाहू. शाळेत पहिल्या दिवसापासून थाई. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे समजावून सांगावं लागलं नाही.

गावाला 'तीन धुक्यांचं गाव' म्हणतात, तेवढं सांगून पुढे जाऊ. एक धुकं थंडीचं, एक पावसाचं आणि तिसरं उन्हाळ्यातल्या वणव्यांचं, शेतं-जंगलं जळतात त्या धुराचं. तिसऱ्याला धुकं म्हणावं का, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला ठेवा.

आता तो फोटो

हा भाग घाई न करता घ्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात, व्हॉट्सॲपवर, 'जगातील आश्चर्ये' छापाच्या तक्त्यांवर तुम्ही एक फोटो नक्की पाहिला असेल: मानेभोवती पितळेची कडी असलेल्या बायका. खाली लिहिलेलं असतं, 'लांब मानेच्या बायका, थायलंड'. मुलं बघतात, हसतात, "ई" म्हणतात, पान उलटतं. हा फोटो बहुतेक वेळा याच मे होंग सोनच्या आसपासच्या गावांत काढलेला असतो. ही सहल इथे आणली ती त्या फोटोसाठी.

पहिली गोष्ट, या बायका मूळच्या थायलंडच्या नाहीत. त्या कायान लोकांतल्या आहेत आणि कायान लोकांची वस्ती सीमेपलीकडे, म्यानमारच्या काया राज्यात आणि शेजारी आहे. तिथे अनेक दशकं सैन्य आणि स्थानिक गट यांच्यात लढाई चालू होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कायान कुटुंबं जीव वाचवून डोंगर ओलांडून मे होंग सोन प्रांतात आली. फोटोखाली 'युद्धातून पळून आलेली आई' असं लिहिलं असतं तर मुलं हसली असती का? विचारून बघा.

दुसरी गोष्ट, मान लांब होत नाही. ती वेगवेगळी कडीही नसतात. पितळेची एकच लांब कांब गोल गोल गुंडाळलेली असते. मुलगी साधारण पाच वर्षांची झाली की छोटं वेटोळं घालतात आणि वाढत्या वयात ते काढून मोठं घालत जातात. कित्येक किलोंच्या या वजनाने गळपट्टीचं हाड आणि वरच्या फासळ्या खाली दबतात, त्यामुळे मान लांब दिसते. मणके आहेत तेवढेच राहतात. मुलांना स्वतःच्या गळपट्टीच्या हाडावर बोट ठेवायला सांगा, खांदे खाली ओढायला सांगा आणि शेजाऱ्याची मान बघायला सांगा. लगेच समजतं. सगळ्याच कायान बायका हे घालतात असंही नाही.

तिसरी गोष्ट मुलांना सर्वांत जास्त लागते. मे होंग सोनजवळ हुआय सुआ थाओ, नाय सोय, हुआय पु केंग अशा वस्त्या आहेत. तिथे पर्यटक येतात, काही ठिकाणी दारात प्रवेशशुल्क भरतात, आत जाऊन फोटो काढतात, हाताने विणलेली शाल किंवा लाकडी बाहुली विकत घेतात. कडी घालणाऱ्या बायकांना त्यासाठी ठरावीक रक्कम मिळत आली आहे. म्हणजे ज्या कुटुंबाकडे जमीन नाही, कागद नाही, त्याचं पोट त्या कड्यांवर चालतं. अनेकांनी याला 'माणसांचं प्राणिसंग्रहालय' म्हटलं. न्यूझीलंड आणि फिनलंड यांनी काही कायान कुटुंबांना आपल्याकडे वसवायची तयारी दाखवली होती, पण त्यांना देश सोडून जायची परवानगी मिळेना. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित विभागाने यावर उघड नाराजी दाखवली. काही तरुण मुलींनी निषेध म्हणून कडी उतरवली.

इथे आपण शिक्षकांनी दुसऱ्या टोकाला जायचं नाही. "बिचाऱ्या" म्हणून विषय संपवणं हेही फोटो बघून हसण्याच्याच जवळचं आहे. काही बायका सांगतात की कडी आमची आहेत, आम्हाला आवडतात, आजीनेही घातली होती. हुआय पु केंगमध्ये गावकऱ्यांनी वेगळी वाट काढली आहे. पाहुण्यांनी नुसते फोटो काढून जाऊ नये, बसावं, विणकाम-कोरीवकाम शिकावं, मुक्काम करावा, अशी ती रीत. मी वर्गात एवढंच विचारलं: आपल्या गावात कुणी पैसे भरून तुझ्या आजीचं नऊवारी आणि गोंदण बघायला आलं, तर त्याने आधी काय विचारावं असं तुला वाटतं? उत्तरं वहीत लिहून घ्या, तोंडी नको. लाजरी मुलं लिहितात.

कागद नसलेली मुलं

गावाच्या जवळच, सीमेलगत, बान माय नाय सोय नावाची निर्वासितांची मोठी छावणी आहे. काया राज्यातून आलेले हजारो लोक तिथे बांबू आणि पानांच्या छपराच्या घरांत राहतात. छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा चालतात. तिथे जन्मलेली मुलं आता आईबाप झाली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर काया राज्यात पुन्हा लढाई पेटली आणि नवे लोक सीमा ओलांडून आले. थायलंडने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. (भारतानेही नाही, हे मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही.)

छावणीबाहेरही, उत्तर थायलंडच्या डोंगरांत लाखो लोक असे आहेत ज्यांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही. जन्म घरी झाला, नोंद झाली नाही, आईबाप सीमेपलीकडचे. अशा माणसाला आपल्या प्रांताबाहेर जायचं तर अधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागत आली आहे. म्हणजे आपण ज्याला सहल म्हणतो ती त्यांच्या मुलांसाठी सरकारी अर्ज असतो.

शाळेच्या बाबतीत मात्र थायलंडने एक चांगली गोष्ट केली. २००५ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं की देशातल्या प्रत्येक मुलाला शाळेत घ्यायचं, कागद असो वा नसो. थाई नागरिकाचा ओळख क्रमांक १३ आकडी असतो. ज्या मुलाकडे तो नाही, त्याला शाळाच एक क्रमांक देते आणि त्याची सुरुवात इंग्रजी 'जी' या अक्षराने होते. अशा मुलांना सरळ 'जी' ची मुलं म्हणतात. आपण आधार नसलेल्या मुलाची ऑनलाइन नोंद करताना किती रात्री जागतो ते आठवा, म्हणजे त्या एका अक्षराची किंमत कळेल. पण प्रवेश मिळाला म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही. शाळा संपल्यावर नोकरी, प्रवास, जमीन सगळीकडे पुन्हा तोच कागद आडवा येतो.

मुलांना सांगण्यासाठी एक खरी गोष्ट आहे. मोंग थोंगदी हा चियांग माईचा मुलगा, आईबाप म्यानमारहून आलेले शान मजूर. त्याने कागदी विमानांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बाजी मारली आणि २००९ मध्ये जपानला जाण्यासाठी त्याची निवड झाली. पण नागरिकत्व नाही, मग पासपोर्ट कुठला? आधी नकार मिळाला, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, तेव्हा खास परवानगी देऊन त्याला पाठवलं. तो बक्षीस घेऊन परत आला. नागरिकत्व मिळायला मात्र २०१८ उजाडलं. ही गोष्ट सांगण्याआधी वर्गात कागदी विमानं उडवून घ्या. कुणाचं किती लांब गेलं ते फुटपट्टीने मोजा. मग गोष्ट सांगा.

२०१८ मधली थाम लुआंगची गुहा तर बहुतेकांना आठवत असेल. याच उत्तर थायलंडमधल्या चियांग राय प्रांतात फुटबॉल संघातली १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे गुहेत अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर कंपनीचे अभियंतेही गेले होते. सारं जग ज्यांच्यासाठी श्वास रोखून बसलं होतं, त्यांतली तीन मुलं आणि प्रशिक्षक यांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. सुटकेनंतर महिनाभरात त्यांना ते मिळालं. बाकीचे लाखो मागेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये थायलंडच्या मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार लोकांसाठी ही वाट सोपी करायचं ठरवलं.

"गुहेत अडकल्यावरच कागद मिळतो का, बाई?" असं एका मुलाने विचारलं. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दरवर्षी दिवाळीनंतर तो हजेरीपटावर असतो, पण वर्गात नसतो. पुढच्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून आपण त्याला शिक्षण हमी कार्ड देतो. ते हरवलं, भिजलं, की तिथल्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून. त्याला 'जी' हे अक्षर मला समजावून सांगावं लागलं नाही, त्यानेच शेजाऱ्याला सांगितलं.

वेळ कमी असेल तर

एकच तासिका हातात असेल तर रस्त्याची वळणं, धुकं आणि युद्ध गाळा. परभणीहून जाणारी सुतळी, पिठलं, फोटो आणि कागदी विमान एवढं ठेवा, याच क्रमाने. पिठल्याआधी फोटो दाखवू नका. आधी ते लोक आपल्यासारखं जेवतात हे पोटात जाऊ द्या, मग फोटो बाहेर काढा. फोटो दाखवताना खालची छापील ओळ कागदाने झाकून ठेवा आणि मुलांना नवी ओळ लिहायला लावा. माझ्या वर्गात २६ मुलांनी लिहिली. 'लांब' हा शब्द नऊ जणांनी वापरला, 'आई' हा अकरा जणांनी. तुमच्याकडे काय येतं ते खाली नक्की कळवा. आणि एखाद्या मुलाने विचारलंच की त्यांना आपल्या गावाला सहलीला येता येईल का, तर पुन्हा नकाशा उघडा आणि त्याच सुतळीवरून उलट्या दिशेने परभणीपर्यंत कुठे कुठे परवानगी काढावी लागेल, त्या प्रत्येक जागी एक टाचणी टोचायला सांगा.